थोरलीची बाजू

मास्तर आणि टिपणराव हे एकमेकांचे साडू. सख्ख्या बहिणींचे नवरे. दोघं एकाच खोलीत, त्याच दोन मशिनांची निगा राखत, आणि चार वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. मी आवक-जावकच्या टेबलावर बसते आणि माझ्या टेबलासमोरच त्यांच्या खोलीची काच आहे. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. शिंक आल्यावर मास्तर काचेकडे तोंड करून "माफ करा" म्हणायचे, ते मला. खोलीत असलेल्या साडूला नव्हे.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. नव्या माणसाला धरून धडा द्यायची त्यांना हौस, म्हणून ते नाव. मी इथे रुजू झाले त्या दिवशी मलाही तो धडा मिळाला होता.

"बाई, दोन जावा समजा," ते म्हणाले होते. "ही थोरली आणि ती धाकटी. थोरली चुलीपाशी. धाकटी मागे उभी राहून बघते. थोरलीनं मीठ टाकलं की धाकटी आपल्या पातेल्यात तेवढंच मीठ टाकते. उद्या थोरलीला चक्कर आली तर धाकटीनं पुढे व्हायचं, जेवणाऱ्याला पत्ताही लागता कामा नये."

"आणि थोरलीला चक्कर आली हे धाकटीला कळणार कसं?"

"दर सेकंदाला दोघी एकमेकींना हाक मारतात. या वायरीतून. ओ आली नाही की समजायचं, दुसरी गेली."

"आणि गेलेलीच नसेल तर? नुसती वायर तुटली असेल तर?"

मास्तर खूश झाले. बहुतेकांना हा प्रश्न सुचत नसावा. "मग दोघीही चुलीपाशी. दोघींना वाटतंय आपणच एकटी उरलो. दोघी फोडणी घालणार, दोघी वाढणार. सगळ्या स्वयंपाकाची माती. म्हणून तो तिथे ठेवलाय." त्यांनी माझ्या कपाटावर बोट दाखवलं. तिथे डब्याएवढी एक काळी पेटी होती आणि तिच्यावर एक हिरवा दिवा. "तो साक्षीदार. त्याला मुद्दाम वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं. हाका बंद झाल्या की दोघी त्याच्याकडे धाव घेतात. तो एकीलाच हो म्हणतो. जिला हो म्हटलं ती राहते आणि पहिलं काम काय करते? दुसरीची वीज तोडते. त्याला कटऑफ म्हणतात."

"जावेची वीज तोडायची?"

"तोडायचीच. मेलेली जाऊ परवडते बाई. मेली का जिवंत तेच माहीत नाही, अशी नाही परवडत."

हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मी बारा वेळा ऐकला आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी तो सांगणं बंद केलं.

या दोन मशिनांवर काय चालतं तेही सांगायला हवं. आमच्या भागातल्या सगळ्या इस्पितळांची किडनीची यादी आमच्याकडे आहे. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांचा नंबर लागलेला असतो, आणि कुठे एखादी किडनी मिळाली की यंत्रणा यादी चाळून सांगते, अमुक नंबरला बोलवा. यादीत नावं नाहीत, नुसते नंबर. पूर्वी नावं होती तेव्हा चिठ्ठ्या यायच्या, फोन यायचे, कोणाचा मेहुणा कोणाच्या ओळखीचा निघायचा. म्हणून समितीनं नियम केला की यंत्रणा सांगेल ते शेवटचं. डॉक्टरांचं तोंडी काही चालणार नाही, मंत्र्याचंही नाही. हा नियम मला आवडायचा. ज्या कचेरीत नुसता पंखा बदलायलाही ओळख लागते, तिथे एवढी एक गोष्ट ओळखीवाचून चालत होती.

मास्तरांच्या बायकोचा नंबर सत्तेचाळीस. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. नंबर गुप्त असतो हे आम्हाला माहीत होतं, आणि सत्तेचाळीस म्हणजे ताई हेही सगळ्या मजल्याला माहीत होतं.

भांडण तिथूनच सुरू झालं. ताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा धाकट्या बहिणीनं, म्हणजे टिपणरावांच्या बायकोनं, आपली एक देऊ केली. रक्त जुळलं, तपासण्या झाल्या. आणि मग सगळे एकत्र जेवायला बसलेले असताना टिपणराव म्हणाले, "माझी दोन लेकरं लहान आहेत. उद्या हिलाच काही झालं तर मी कोणाच्या दारात जाऊ?" हिशेब म्हणून त्यात चूक नव्हती. पण तो मास्तरांच्या ताटासमोर बसून मांडला होता. मास्तर हात धुवायला उठले ते परत आले नाहीत. ताईंनी बहिणीला शपथ घातली की हा विषय माझ्यापुढे पुन्हा कधी काढायचा नाही. त्यानंतर बहिणी रोज फोनवर बोलायच्या, दुधापासून पडद्यांपर्यंत सगळं, फक्त ते सोडून. नवरे तेही बोलायचे नाहीत.

पण काम तर दोघांनी मिळून करायचं होतं. त्यासाठी वही होती. जो पाळी संपवून जातो त्यानं लिहायचं, जो येतो त्यानं वाचून "पाहिले" असं लिहून सही करायची. टिपणरावांना टिपणराव म्हणतात ते याचसाठी. हा माणूस अर्धं अर्धं पान लिहायचा. खोलीचं तापमान, कुठला पंखा कुरकुरतो, कुठल्या डिस्कचं वय किती झालं. मास्तर यायचे, पिशवी खुंटीला लावायचे, वही उघडायचे, पाहिले, सही, बंद. मी एकदा घड्याळ लावून मोजलं. चार सेकंद. पादत्राणं काढायला त्यांना याहून जास्त वेळ लागायचा.

हसू नका, दर शनिवारी ती वही माझ्याकडे यायची आणि मी पानापानावर "तपासले" असा शिक्का मारायचे. मला पानामागे दोन सेकंद लागायचे. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून टाकलं.

तो मंगळवार होता. टिपणराव सकाळीच मोठ्या भांडारात गेले होते, कसला तरी सुटा भाग आणायला. मास्तर खोलीत एकटे. दहा अडतीसला आतून पी-पी असा आवाज आला आणि माझ्या कपाटावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं आणि दारातून डोकं बाहेर काढून मला सांगितलं, "वायरीचं काहीतरी झालं. हाका बंद आहेत. साक्षीदारानं धाकटीला हो म्हटलंय."

"मग थोरली?"

"गेली असेल. धाकटीनं तोडली असेल तिची वीज."

"बघून येत नाही का?"

"बाई, बघायचं असतं तर कटऑफ कशाला बसवला असता?" असं म्हणून त्यांनी वायरवाल्याला फोन लावला, जेवणानंतर ये म्हणाले आणि चहा मागवला. ही मशिनं सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. इतक्या वर्षांच्या विश्वासाला आळस म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकराला पाच कमी असताना त्यांचा फोन वाजला. ते उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. काचेतून मी हे तीनदा पाहिलं. मग ते बाहेर आले. त्यांचा चेहरा कुणीतरी इस्त्री केल्यासारखा झाला होता.

"बाई, नंबर लागला."

"काय सांगता."

"इस्पितळातून हिला फोन आला होता. निघाली पण ती. शेजारीणबाई सोडतायत गाडीनं." त्यांनी पिशवी घेतली, खाली ठेवली. "पण खोली सोडता येत नाही. ते आल्याशिवाय."

ते म्हणजे टिपणराव. नियमच होता, खोली रिकामी ठेवायची नाही.

"आज बोलावं लागणार बहुतेक त्यांच्याशी," मास्तर म्हणाले आणि चक्क हसले. "काय म्हणू? चार वर्षांनी माणूस सुरुवात कशानं करतो?"

"निघतो म्हणा," मी म्हटलं. "सोपं पडेल."

पुढची पंचवीस मिनिटं ते पिशवी खांद्याला लावून दारातच उभे होते.

अकरा एकोणीसला टिपणराव आले. काखेत एक लांबट खोकं. मास्तरांनी घसा साफ केला. पण टिपणरावांचं लक्ष काचेपलीकडे गेलं होतं. त्यांनी खोकं माझ्या टेबलावर अक्षरशः टाकलं, आत धावले आणि थोरलीच्या मागे हात घालून तिची वायर उपटली. पंखा गरगरत थांबला. म्हणजे इतका वेळ तो चालू होता.

मग पडद्यावरची वेळ बघून ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, यांना सांगा. दोघी चालू होत्या."

"समोर उभे आहेत. तुम्हीच सांगा."

"दहा अडतीसपासून दोघी चालू होत्या. एक्केचाळीस मिनिटं."

"कटऑफ..." मास्तर म्हणाले.

"कटऑफ बंद आहे. शुक्रवारपासून. मशिनांचे प्लग लावायचा त्याचा पट्टा उगाचच वीज तोडत होता. नवा आणायलाच तर गेलो होतो." त्यांनी खोक्याकडे पाहिलं. "वहीत लिहिलं होतं. पट्टा येईपर्यंत हाका बंद पडल्या तर थोरली हातानं बंद करा. खाली तुमची सही आहे."

मास्तरांनी पिशवी खांद्यावरून काढली नाही. तेवढ्यात कचेरीचा फोन वाजला.

समितीच्या डॉक्टरबाई होत्या. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"तुमच्याकडे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. "किडनी एक आहे आणि तुमच्या यंत्रणेनं दोन माणसं बोलावली आहेत. आमच्या कचेरीतल्या मुलीनं नोंद भरली तर पडदा अडकला, म्हणून तिनं शेजारच्या टेबलावरून पुन्हा भरली. एकीकडे उत्तर आलं सत्तेचाळीस. दुसरीकडे एकतीस. दोघंही निघालेत. मला एक नंबर द्या."

मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"मी इथे कोणाची बाजू घेणार नाही," त्या म्हणाल्या. "नियम तुम्हाला माहीत आहे, यंत्रणा सांगेल ते. फक्त तुमची यंत्रणा कुठली ते ठरवा. साडेबाराला माणूस आत घ्यायचा आहे. त्याआधी लेखी."

आता इथे थोडं समजून घ्यायला हवं, मलाही त्याच दिवशी कळलं. दोन्ही मशिनं एक्केचाळीस मिनिटं वेगवेगळी चालली. अर्ध्या इस्पितळांच्या नोंदी एकीत गेल्या, अर्ध्यांच्या दुसरीत. आता त्या एकत्र करता येत नाहीत. एकीची बाजू ठेवायची आणि दुसरीची फेकून द्यायची, एवढंच करता येतं. फेकलेल्या नोंदी मागाहून कागदावरून परत भरतात. पण फेकलेल्या बाजूनं काही ठरवलं असेल तर ते ठरलंच नव्हतं असं होतं.

आणि हे काम तिघांनी करायचं असतं. एकानं हुकूम टाइप करायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा, तिसऱ्यानं वेळ लिहून सही करायची. तिसरी मी. खोलीत फार थंडी असते म्हणून मी स्वेटर घातलं, वही घेतली आणि आत गेले.

थोरलीला विजेखेरीज बाकी सगळ्या वायरींपासून सोडवून टिपणरावांनी पुन्हा चालू केलं, नुसतं वाचण्यापुरतं. मग शेजारी शेजारी दोन पडदे. एकतीस आणि सत्तेचाळीस. टिपणराव वाचत गेले.

"एकतीस. पुरुष. वाहनचालक. यादीत सहा वर्षं दोन महिने. ताप आला म्हणून पंधरा दिवस थांबवलेला. आज दहा बावन्नला ताप उतरल्याची नोंद. ती धाकटीत आलीय. थोरलीच्या लेखी तो अजून तापातच आहे, म्हणून तिनं त्याला सोडून त्याच रक्तगटाचा पुढचा नंबर काढला."

पुढचा नंबर कुठला, ते त्यांनी वाचलं नाही.

"साक्षीदाराचं मत कोणाला?" मास्तरांनी विचारलं. स्वतःच बाहेर येऊन मला सांगितलं होतं, तरी विचारलं.

"धाकटीला."

"मग प्रश्न कुठाय."

"आहे," टिपणराव म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली. चार वर्षांत पहिल्यांदाच ते साडूच्या तोंडाकडे बघून बोलत होते. "थोरलीत दोनशे बारा नोंदी आहेत. धाकटीत एकशे चाळीस. नियमात लिहिलंय की अधिक पूर्ण बाजू कोणती ते निगा राखणाऱ्यानं ठरवावं. दोनशे बारा अधिक पूर्ण. कोणी विचारलं तर आकडा दाखवू. दादा, मी वाचतो. तुम्ही टाइप करा. धाकटीची बाजू फेका."

"तो चालक?"

"त्याला नाव नाही. आपल्याला तो दिसलाही नाही."

"त्याला फोन गेलाय. तोही कपडे भरून निघाला असेल."

"ताईही निघाल्यात." टिपणराव माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही काय म्हणता?"

"मी वेळ लिहायला आलेय," मी म्हटलं.

फार सावध उत्तर होतं ते. पण खरं विचाराल तर त्यांनी धाकटीची बाजू फेकली असती तर मी घड्याळ बघून वेळ लिहिली असती आणि सही केली असती. यादीला ओळख लागत नाही याचं मला केवढं कौतुक होतं, आणि ताईंनी मला एकदा लोकर आणून दिली होती एवढीच माझी ओळख.

मास्तर पडद्यावरच्या एकतीसकडेच बघत होते. टिपणरावांचा धीर सुटला. "दादा, एकदा मी चुकलो. मान्य आहे. तेही लिहून दिलं. तुम्ही पाहिले म्हणून सही केलीत आणि एका अक्षरानं उत्तर दिलं नाहीत. तेही मी गिळलं. आज तरी हो म्हणा."

"काय लिहून दिलं?"

"वहीत."

"कुठल्या वहीत?"

टिपणराव त्यांच्याकडे बघत राहिले. मी काचेतून बाहेर, माझ्या कपाटाकडे बघितलं. जुन्या वह्या तिथेच असतात, साक्षीदाराच्या पेटीखाली.

"कधी?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. कुठला महिना ते... पंखा बदलला तेव्हा."

मी वही आणली. अकरा एक्कावन्न झाले होते. पंखा बदलल्याची नोंद सापडायला मला फार वेळ लागला नाही. टिपणरावांचं अक्षर छापल्यासारखं. मास्तरांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागले. ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखे.

तापमान एकवीस अंश. थोरलीचा डावा पंखा बदलला. जुना पंखा भांडारात परत. आणि त्यानंतर नवा परिच्छेदसुद्धा न करता, त्याच शाईत: दादा, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. तोंडानं सांगायची हिंमत नाही. घरी बोलणं झालं आहे, ती अजूनही द्यायला तयार आहे आणि आता माझी हरकत नाही. ताईंनी शपथ घातल्यामुळे तिला त्यांच्याकडे विषय काढता येत नाही. तुम्ही हो म्हटलंत तर उद्याच जाऊ. पुढे: धाकटीच्या डिस्कला तीन वर्षं पूर्ण, लक्ष ठेवावे.

खाली: पाहिले. मास्तरांची सही. त्याच्यावर, जरासा तिरका, माझा शिक्का. तपासले.

आम्ही तिघंही त्या पानाकडे बघत होतो.

"हे मी वाचलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं वाचलंत. मी तिला सांगितलं, दादांनी सही केली पण माफ केलं नाही. आता परत विचारायचं नाही."

"अजून आहे का ती तयार?"

टिपणरावांनी मान हलवली. हो अशी नव्हे. "गेल्या वर्षी साखर निघाली तिला. डॉक्टर घेणार नाहीत म्हणाले."

मास्तरांनी वही मिटली. ती अगदी नीट टेबलाच्या कडेला लावून ठेवली, मग पुन्हा उघडली, पुन्हा तेच पान काढलं, पुन्हा वाचलं. मला घड्याळाचे काटे बाराकडे सरकताना दिसत होते.

"म्हणूनच म्हणतो," टिपणराव हळू आवाजात म्हणाले. "माझ्यामुळे हातची किडनी गेली. आज माझ्या हातानं परत देऊ द्या. दोनशे बारा नोंदी. धाकटीची बाजू फेका, लिहा तुम्ही."

"तुमच्यामुळे नाही गेली. तुम्ही लिहिलं होतं."

"मग कोणामुळे ते उद्या ठरवू. आत्ता लिहा."

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांचं उत्तर मी कधी विसरणार नाही, आणि त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. थकलेला माणूस खुर्चीत बसताना जसा बोलतो तसे ते बोलले.

"साडूबुवा, न वाचता सही करून मी इथवर आणलंय. आता वाचून खोटी सही करायला नका सांगू. ते मला जमायचं नाही."

साडूबुवा हा शब्द आम्ही चार वर्षांनी ऐकला. टिपणरावांनी तोंड फिरवलं.

मास्तरांनी टाइप केलं. बोटं सरळ चालत होती, सोळा वर्षांची सवय. "वाचा," ते म्हणाले.

टिपणराव वाचेनात.

"वाचा. नियम आहे."

"थोरलीची बाजू..." ते थांबले. "थोरलीची बाजू फेकली जाईल. धाकटीची राहील. दोनशे बारा नोंदी जातील. खात्री आहे का, असं विचारतंय."

"हो म्हणतो," मास्तर म्हणाले आणि बटण दाबलं.

मी लिहिलं: बारा वाजून सहा मिनिटं. सही केली. बाहेर येऊन डॉक्टरबाईंना लेखी कळवलं, एकतीस. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. सत्तेचाळीस कोण ते त्यांना कुठे माहीत होतं.

ताईंना फोन मास्तरांनी माझ्या टेबलावरूनच केला. आतल्या खोलीत आवाज ऐकू येत नाही म्हणाले. तिकडचं बोलणं मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, मी आवक रजिस्टर चाळायचं नाटक करत होते.

"हिरवा अंगरखा घालायला दिलाय मला," ताई सांगत होत्या. "मागून सगळा उघडा आहे. बसायचं कसं तेच कळत नाही."

"अगं, ऐक. आपला नंबर नव्हता. यंत्रणेची चूक झाली."

"तुमच्या यंत्रणेची?"

"हो. माझी."

मग त्या म्हणाल्या, "बरं. मग मी कपडे बदलते. इथे एक माणूस आलाय, त्याचाच असेल मग. सारखा किल्ल्या वाजवत बसलाय बिचारा, घाबरलेला दिसतो." आणि मग, "तुम्ही काही खाल्लंत का?"

मास्तर "हो" म्हणाले. चहासुद्धा तसाच राहिला होता, वर साय धरून.

चौकशी झाली. एका पानाचा अहवाल आला, त्यात मानवी त्रुटी असा शब्द होता आणि पुढच्या ओळीत "भविष्यात दक्षता घ्यावी". नवा पट्टा बसला. कटऑफ चालू झाला. त्यानंतर वायर दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं सगळं झालं; एकीनं दुसरीची वीज तोडली, इस्पितळांना पत्ताही लागला नाही.

साडू आता एकमेकांशी बोलतात. पूर्वीचं न बोलणं बरं होतं असं वाटावं, असं बोलतात. "पंखा बघितला का?" "बघितला." "डिस्क?" "ठीक." एवढंच. धाकट्या बहिणीला ते पान कोणी सांगितलं मला ठाऊक नाही, मी नाही. पण तिनं ताईंना सांगितलं, शपथ मोडून. ताई तिला म्हणाल्या म्हणे, "आता कशाला सांगितलंस?" त्यानंतर रोजचे फोन आठवड्यावर आले.

मास्तर मात्र बसच्या थांब्यावर उभे राहिले की प्रत्येक चालकाकडे निरखून बघतात. मी एकदा त्यांच्या मागेच उभी होते. बस आली, त्यांनी चालकाकडे पाहिलं, बस गेली, ते चढलेच नाहीत.

"ही तुमची होती ना?" मी विचारलं.

"पुढची घेतो," ते म्हणाले.

एकतीसच्या जागी ताईंचा नंबर वर सरकला होता, त्यांच्या रक्तगटात आता पहिलाच होता. पण पहिला असून काय, त्या गटाची किडनी त्यानंतर आमच्या भागात आलीच नाही. सात महिने नाही आली. सातव्या महिन्यात त्यांना ताप आला आणि यादीत थांबवलं. तो ताप उतरला नाही.

दोघं साडू एकदमच रजेवर गेले, त्यामुळे बाहेरून एक माणूस बोलावला होता. आठव्या दिवशी मास्तर कामावर आले. पिशवी खुंटीला लावली. वही उघडली आणि उभ्याउभ्या वाचायला लागले. बाहेरच्या माणसानं आठ दिवसांत जे काही खरडलं होतं ते सगळं, ओळीवर बोट ठेवून. मला वीस मिनिटं मोजावी लागली. मग ते पडद्यापाशी बसले, मागचा आठवडा काढला आणि एका ओळीपाशी थांबले. काचेतून मला ओळ दिसत नव्हती. पण ती काय होती ते मला माहीत होतं, इस्पितळाचा कागद माझ्याच टेबलावरून गेला होता. सत्तेचाळीस, यादीतून कमी.

त्यांनी मला खुणेनं आत बोलावलं.

"हे बघा बाई. थोरलीत चार वाजून सतरा मिनिटं नऊ सेकंद. धाकटीत चार सतरा नऊ. एका सेकंदाचा फरक नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं होतं, काढलं नाही. "दोघींचं एकमत आहे."

"थंडी फार आहे इथे," मी म्हटलं.

"एकवीस अंश," ते म्हणाले. "एवढीच लागते."

शनिवारी वही माझ्याकडे आली. हल्ली मी शिक्का मारण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पंख्यांच्या आणि डिस्कच्या मध्ये कोणी काही लिहून ठेवलंय का, ते बघत. टिपणरावांचं छापल्यासारखं अक्षर, अर्धं अर्धं पान. तापमान एकवीस अंश. दोन्ही मशिनं ठीक. साक्षीदाराचा दिवा हिरवा. खाली मास्तरांचं "वाचून पाहिले" आणि सही.

दुसरं काही नव्हतं. मी शिक्का मारला.